लांबची वाट, पण लवकर पोहोच

“सर, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानाला मुक्कामाचे गाव आपणहून सामोरे येईल आणि वेळ वाचेल, नाही का?” हा प्रश्न दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतो. प्रश्न चांगला आहे. पण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान हवेतच उडते, हे त्यात विसरले जाते. धावत्या आगगाडीच्या बंद डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसेच हे.

मग प्रवासाचा वेळ कशावर ठरतो? दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास पाहू.

पॅसिफिक महासागर मध्यभागी दाखवणाऱ्या सपाट नकाशावर ही दोन शहरे सरळ रेघेने जोडा. त्या रेघेवरून गेल्यास सुमारे १५,००० किलोमीटर अंतर पडते. आता पृथ्वीचा गोल घेऊन दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणा. दोरा चक्क उत्तरेकडे सरकतो आणि सैबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असा जातो! हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. गोलावरील या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात.

परंतु जवळची वाट नेहमीच लवकरची नसते. एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेने जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोहोचले.

हे कसे घडले? १५,३०० ला १४.५ ने भागा. जमिनीच्या सापेक्ष सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर येतो. अशा विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग मात्र ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. उरलेला दीडशेचा वेग वाऱ्याने दिला! मध्य अक्षांशांवर सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. अटलांटिकच्या वाटेवर हाच वारा समोरून येतो, तर पॅसिफिकच्या वाटेवर पाठीमागून ढकलतो. इंजिने इंधन जाळतात ती मुख्यतः हवेत काढलेल्या वेळानुसार. म्हणून दोन तास वाचले की इंधनही वाचते.

घड्याळाची गंमत वेगळीच. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असते. समजा, विमान दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघाले. साडेचौदा तासांनी आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतील. पण तिथे त्याच दिवसाचे सकाळचे ६! प्रवास दोनच तासांचा वाटेल. म्हणून वेळापत्रकातील वेळांची वजाबाकी करण्यापूर्वी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा वारा पाठीशी हवा असेल, तर परतीची वाट कोणती? गोल समोर ठेवा आणि उत्तर शोधा.