नोटीस आहे, जागा नाही

25 जुलै 2005 ला महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहनवर दरडी कोसळल्या. 26 जुलैच्या मुंबईतल्या पुराचा विषय निघाला की टीव्हीवाले सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस आणि मिठी नदी काढून बसतात. महाड-पोलादपूरचे मेलेले त्या आठवणीत कधी बसलेच नाहीत.

त्याआधी आमच्याकडे दरड म्हणजे घाट बंद आणि एसटी रखडलेली, एवढंच. 2005 नंतर मात्र पाऊस लागून राहिला की वाड्यांतून रात्र जागून काढायची पद्धत पडली. आपल्याकडे कातळावर मुरूम आणि तांबडी माती. दिवसचे दिवस पाऊस कोसळला की पाणी मुरत जातं, माती फुगते, जड होते आणि कातळावरून सुटते. सुटायच्या आधी डोंगर सांगतो: भेग रुंदावते, झऱ्याचं पाणी गढूळ होतं, विजेचा खांब कलतो. म्हातारी माणसं कुदळीने चर काढून भेगेकडे जाणारं पाणी वळवतात. इतकं त्यांच्या हातात असतं.

पुढची दहा वर्षं मी पाहिली ती दासगावच्या पत्र्याच्या शेडची. दरडग्रस्तांसाठी तात्पुरती म्हणून बांधलेली. उन्हाळ्यात आत बसवत नसे, पावसात शेजारी काय म्हणतो ते ऐकू येत नसे. मुलं त्यातच वाढली. मुंबई-गोवा महामार्गावरून पुढाऱ्यांच्या गाड्या शेजारून जात राहिल्या. भूवैज्ञानिक येऊन पाहणी करून गेले, धोकादायक गावांची यादी झाली, आणि यादी झाली म्हणजे काम झालं असं सरकारी खाक्यानं ठरवून टाकलं. शहरातली शहाणी माणसं तेव्हाही विचारत, डोंगराखाली राहता कशाला? शेत डोंगराखाली, पाणी डोंगराखाली; राहणार कुठे, नरिमन पॉइंटला?

नंतरची वर्षं सावित्रीवरचा कोसळलेला पूल, घोषणा, निवडणुका यांत गेली. मग 22 जुलै 2021. महाडच्याच तळियेत माती सरकू लागली म्हणून लोक घरं सोडून एकत्र जमले होते. म्हणजे डोंगराचं त्यांनी ऐकलं होतं. दरड जमलेल्या लोकांवरच आली. ऐंशीहून अधिक गेले. महाड पुराच्या पाण्यात, फोन बंद, रस्ते बंद, त्यामुळे गावकऱ्यांनीच हातांनी उकरलं. त्याच पावसात पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. तळियेकर कंटेनरमध्ये राहिले, म्हाडाच्या घरांची वाट बघत. दोन वर्षांनी खालापुरात इर्शाळवाडी गेली, ती तर यादीतही नव्हती.

2025 च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडचं ब्लाटेन गाव गाडलं गेलं. तिथल्या उंच डोंगरांत भेगांतलं बर्फ कडे धरून ठेवतं. उष्णतेनं ते वितळू लागलंय. गावावरचा कडा हिमनदीवर ढासळत होता, शेवटी हिमनदीच खाली आली. पण नऊ दिवस आधीच तीनशे माणसं हलवली होती, गुरांसकट. एकाचा जीव गेला.

गुरांसकट! आमच्याकडे पावसाळा तोंडावर आला की नोटीस येते: सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. स्थळ कोणतं, ते कागदावर नसतं. तोंडी विचारलं तर शाळा दाखवतात. परवा एका वाडीत नोटीस घेऊन आलेल्या शिपायाला एक आजी म्हणाल्या, "बाबा, मी येते शाळेत. म्हशी कुठे बांधू, तेवढं साहेबांना विचारून ये."