बर्फाखालचा श्वास : देवमासा आणि सील



'देवमासा हा मासा आहे का?' हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. बरीच मुलं पटकन 'हो' म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण आपल्या भाषेने त्याच्या नावातच मासा घालून ठेवलाय! पण देवमासा, म्हणजेच व्हेल, आणि सील हे दोघेही आपल्यासारखेच सस्तन प्राणी. त्यांचं रक्त उष्ण असतं, ते पिल्लांना दूध पाजतात आणि फुफ्फुसांनी श्वास घेतात. माशांसारखे कल्ले त्यांना नसतात.

ध्रुवीय समुद्राचं पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होतं. या प्राण्यांच्या शरीराचं तापमान मात्र साधारण आपल्याइतकंच. मग ते गारठत कसे नाहीत? उत्तर आहे कातडीखालचा चरबीचा जाड थर. उत्तर ध्रुवाकडच्या बोहेड व्हेलच्या अंगावर हा थर जवळजवळ अर्धा मीटर जाड असू शकतो. तो शरीरातली ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि उपासाच्या दिवसांत शिदोरीसारखा उपयोगी पडतो.

वर्गात करून बघण्यासारखा प्रयोग : एका प्लास्टिकच्या पिशवीत वनस्पती तूप भरा. त्यात दुसरी पिशवी घालून तिच्यात हात घाला, म्हणजे हात तुपकट होणार नाही. दुसऱ्या हाताला नुसतीच पिशवी. आता दोन्ही हात थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात बुडवा. फरक मुलं स्वतःच सांगतील.

पण थंडीपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. ती म्हणजे हवा! समुद्रावर बर्फाचं झाकण असेल, तर श्वास घ्यायला यायचं कुठून?

दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकातला वेडेल सील बर्फाला पडलेल्या भोकातून श्वास घेतो. ते भोक पुन्हा गोठू नये म्हणून तो पुढच्या दातांनी कडा खरवडत राहतो. हे काम वर्षानुवर्षं चालतं. त्यात दात झिजतात, आणि दात गेले की भोक राखणं आणि शिकार करणं दोन्ही अवघड होतं. म्हणजे श्वासाची किंमत तो दातांनी मोजतो.

बुडी मारण्याआधी हा सील फुफ्फुसातली हवा चक्क बाहेर सोडतो. त्याचा प्राणवायूचा साठा मुख्यतः रक्तात आणि स्नायूंत असतो. बुडी मारल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात. त्यामुळे तो ६०० मीटर खोल जाऊ शकतो आणि तासाभराहून जास्त वेळ पाण्याखाली राहू शकतो.

बोहेडची तऱ्हा वेगळी. त्याच्या पाठीवर पर नाही, त्यामुळे बर्फाखालून सरकताना काही अडकत नाही. डोकं इतकं मजबूत, की बर्फाला खालून धडक देऊन तो श्वासापुरती फट पाडतो.

ज्या चरबीने याला थंडीपासून वाचवलं, तीच पुढे त्याच्या जिवावर उठली. दिव्यांच्या तेलासाठी माणसाने हजारो बोहेड मारले. २००७ साली अलास्कात स्थानिक लोकांच्या पारंपरिक शिकारीत एक बोहेड मिळाला. त्याच्या अंगात १८८० च्या सुमारास बनवलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा रुतलेला होता! भाला झेलूनही तो शंभराहून अधिक वर्षं जगला होता. १९८६ पासून व्हेलच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. अलास्काकडच्या समुद्रात बोहेडची संख्या आता पुन्हा वाढली आहे. माणसाने हात आवरला तर निसर्ग सावरतो, हे मुलांना यातून नक्की सांगा.

आता संकट आहे ते तापमानवाढीचं. वेडेल सीलची मादी बर्फावरच पिल्लाला जन्म देते आणि तिथेच दूध पाजते. म्हणून पाठाच्या शेवटी मुलांना एवढंच विचारा : बर्फामुळे श्वास कोंडतो खरा, पण बर्फच उरला नाही, तर या पिल्लाने जन्मायचं कुठे?