काळी बिअर चाखताना रंग का लपवायचा?

'इन्स्ट्रुमेंट' म्हटलं की आपल्याला यंत्र आठवतं. सेन्सरी सायन्समध्ये मात्र इन्स्ट्रुमेंट म्हणजे माणसाचं नाक आणि जीभ. त्यांच्याकडून भरवशाचा डेटा कसा मिळवायचा, हे समजायला एक उदाहरण घेऊ: इंग्लंडची पारंपरिक डार्क माइल्ड एल. (बिअर न पिणाऱ्यांनीही वाचा, मुद्दा प्रयोगाच्या आखणीचा आहे.)

ग्लासात ती गडद तपकिरी, कधी जवळपास काळी दिसते. बघताक्षणी तुम्ही ठरवून टाकता की ही कडक असणार, कडू असणार. प्रत्यक्षात आजच्या माइल्डमध्ये अल्कोहोल साधारण ३ ते ३.६ टक्के असतं आणि कडूपणाही बेताचाच. ('माइल्ड'चा मूळ अर्थ सौम्य नव्हे, तर न मुरवलेली, ताजी बिअर. नावावरही जाऊ नका!)

रंग आणि ताकद वेगळ्या आहेत, हे आधी मोजमापानं दाखवलं. अठराव्या शतकात लंडनची पोर्टर तपकिरी माल्टपासून बनायची. जॉन रिचर्डसनने १७८४ मध्ये सॅकरोमीटरच्या वापरावर पुस्तक लिहिलं. हे उपकरण द्रावाच्या घनतेवरून त्यात किती साखर उतरली ते सांगतं. ब्रूअर मंडळींना कळलं की तेवढ्याच पैशात फिकट माल्ट जास्त साखर देतो. त्यांनी फिकट माल्ट वाढवला, पण मग काळा रंग कुठून आणायचा? १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळाकुट्ट भाजायचं पेटंट घेतलं. असा माल्ट थोडासाच घातला तरी पुरतो.

यंत्राने वेगळं केलेलं आपला मेंदू मात्र पुन्हा एकत्र बांधतो. फ्रान्समध्ये मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दिए यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंगवून दिली. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनचे शब्द वापरून केलं. हा पेपर २००१ चा आहे, जरूर वाचा.

म्हणून, समजा, नेहमीची माइल्ड आणि माल्ट बदलून केलेली माइल्ड यांच्या चवीत फरक जाणवतो का हे बघायचंय. काळे ग्लास किंवा लाल दिवा वापरा. ग्लासांवर तीन अंकी रँडम कोड टाका, कारण 'अ' आणि 'ब' लिहिलं की 'अ' चांगलं वाटायला लागतं. तापमान सगळ्यांना सारखं, ११ ते १३ अंश सेल्सिअस. फ्रिजमधली थंडगार दिलीत तर वास दबतो आणि फरकही दबेल.

आता ट्रँगल टेस्ट. प्रत्येकाला तीन ग्लास द्यायचे, दोन एकाच बिअरचे, एक दुसरीचा. वेगळा कोणता, एवढंच विचारायचं. ग्लास मांडायचे क्रम सहा होतात, म्हणून १२ जण घेतले तर प्रत्येक क्रम दोनदा येतो. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता एक तृतीयांश, म्हणजे १२ पैकी साधारण चौघे काहीही न कळता बरोबर सांगतील. पाच टक्के पातळीवर फरक मानायला किमान ८ उत्तरं बरोबर हवीत. सातच आली तर? नुसत्या अंदाजाने ७ किंवा जास्त यायची शक्यता सुमारे ६.६ टक्के. इथे बरेच जण 'दोन्ही सारख्याच आहेत' असं लिहून मोकळे होतात. तसं लिहू नका. फरक सिद्ध झाला नाही, एवढंच म्हणता येतं. १२ जणांत छोटा फरक सहज निसटतो.

फरक निघाला तरच वर्णनाकडे वळा. 'छान', 'जड' हा डेटा नाही. खमंग की करपट? काकवीसारखी की कॉफीसारखी? आणि कडू की तुरट, ही गल्लत तर नेहमीची. कारलं कडू असतं, ती चव आहे. कच्चं जांभूळ तुरट असतं, म्हणजे तोंड आवळल्यासारखं होतं, तो स्पर्श आहे. पॅनेलला आधी अशा नमुन्यांवर बसवा, ग्लास नंतर.