'अपात्र' रक्तदाता : एक अर्थविचार

पारंपरिक दानविचारात पात्रता पाहिली जाते ती घेणाऱ्याची. 'सत्पात्री दान' हा रूढ प्रयोग तेच सांगतो. रक्तदानात मात्र कसोटी दात्याची लागते. भारतीय नियमांनुसार हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२.५ ग्रॅमहून वा वजन ४५ किलोहून कमी भरल्यास, अथवा हिवतापातून बरे होऊन तीन महिने लोटले नसल्यास रक्त घेतले जात नाही. ही कारणे बहुधा तात्पुरती असतात. परंतु 'अपात्र' हा शब्द काळ सांगत नाही. रक्ताच्या आजच्या स्थितीला तो व्यक्तीचा गुण बनवितो. मालवणच्या शिबिरातून परत पाठविलेल्या स्त्रीला, नाकारले गेले ते रक्त नव्हे, आपण, असे वाटल्यास नवल नाही. अशी दात्री पुन्हा येईलच असेही नाही. 'आज नको, मगे येवा' या मालवणी बोलण्यात नकाराबरोबर पुढचे निमंत्रणही आहे. परिभाषेने ते गमावू नये.