आगगाडीचे छायाचित्र

नेरळहून माथेरानला डोंगर चढत जाणारी छोटी आगगाडी तुम्हांला माहीत असेल. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेला हा मार्ग १९०७ साली सुरू झाला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर केवळ दोन फूट आहे. समजा, या गाडीचे छायाचित्र काढायचे आहे. तर प्रथम ठरवावे, की आपल्याला काय दाखवायचे आहे?

डोंगर, झाडी आणि वळणे दाखवायची असतील, तर वाइड अँगल लेन्स वापरावी. तिच्यात गाडी लहान दिसते. पण ती केवढा डोंगर चढत आहे, हे कळते. केवळ इंजिन दाखवायचे असेल, तर टेलिफोटो लेन्स घ्यावी. मग दूर उभे राहूनही इंजिन मोठे दिसते. वळणाच्या आतल्या बाजूने इंजिन व डबे एकाच चित्रात मावतात. गाडी ज्या दिशेने जात असेल, त्या बाजूला चित्रात थोडी जागा मोकळी सोडावी. त्यामुळे गाडी चालत असल्याचा भास होतो.

मोबाइलची नेहमीची लेन्स वाइड अँगलच असते. तिच्यात येणारी गाडी आहे त्यापेक्षा दूर वाटते. या भ्रमात रुळांजवळ उभे राहणे जिवावर बेतते. रुळांवर विनापरवाना जाणे रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार गुन्हाही आहे. म्हणून मुलांनो, आधी सुरक्षित जागा निवडा, मग लेन्स. चित्र पुन्हा काढता येईल. गेलेला जीव परत येत नाही.