दुर्गम वाटेचे वाहन (लेखांक ७) : मोठे टायर आणि वाढीव उंची

गेल्या लेखांकात चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या यंत्रणेचे आणि तिच्या ‘लो’ गियरचे विवेचन केले. ते बळ अखेर जमिनीला भिडते ते टायरच्या द्वारा. त्यामुळे नाशिकच्या कारखान्यातून निघालेली महिंद्रा थार ज्यांनी घेतली आहे आणि ऐन पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या तांबड्या चिखलातून ती नेण्याची ज्यांना हौस आहे, त्यांच्या मनात गाडी उंच करून तिला मोठे टायर चढविण्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. विचार गैर नाही. परंतु पुष्कळ मालक त्याचा क्रम उलटा लावतात. आधी दोन-तीन इंचांचे लिफ्ट किट बसवून घेतात आणि मग त्या उंचीला शोभतील असे टायर शोधत दुकाने पालथी घालतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, निवडीला आरंभ टायरपासून व्हावा, आणि त्या टायरला मोकळेपणी फिरण्यास जेवढी जागा लागेल तेवढीच उंची वाढवावी.

याचे कारण गाडीच्या रचनेतच आहे. २०२० साली आलेल्या थारचा मागचा ॲक्सल अखंड असून डिफरन्शियलचा लोखंडी गोळा त्याच्या पोटाशीच जोडलेला असतो, आणि ॲक्सलची जमिनीपासूनची उंची ठरते ती केवळ चाकाच्या त्रिज्येवरून. स्प्रिंग कितीही लांब घातली तरी वर उचलला जातो तो सांगाडा, बंपर आणि दरवाजे. बांध ओलांडताना गाडीचे पोट टेकत नाही एवढा लाभ त्यातून निश्चित होतो, पण दगडावर आपटणारा तो गोळा मात्र होता तेथेच राहतो. पुढची बाजू निराळी. तेथे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलत असल्याने डिफरन्शियल सांगाड्याबरोबर वर जाते खरे. परंतु त्यातून चाकांकडे जाणारे दांडे अधिक तिरके होतात, त्यांच्या सांध्यांवर ताण येतो, सांध्यांवरील रबरी आवरणे लवकर फाटतात आणि आत चिखल शिरला की सांधा निकामी होण्यास वेळ लागत नाही. सबब पुढची बाजू अमर्याद उचलता येत नाही.

आता थोडे गणित. या गाडीबरोबर येणाऱ्या २४५/७५ आर १६ या मापात पहिला आकडा रुंदीचा, दुसरा त्या रुंदीच्या शेकडेवारीत कडेच्या उंचीचा आणि तिसरा रिमच्या व्यासाचा, इंचांत. त्यावरून टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर भरतो. ज्याला सामान्यतः ‘तेहेतीस इंची’ म्हणतात त्या २८५/७५ आर १६ चा व्यास ८३४ मिलिमीटर. फरक साठ मिलिमीटरांचा, आणि त्याचा निम्मा, म्हणजे तीस मिलिमीटर, एवढाच डिफरन्शियलच्या वाट्याला येतो. या तीस मिलिमीटरांची किंमत मात्र अनेक ठिकाणी मोजावी लागते. वेगदर्शक ऐंशी दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे शहाऐंशीने धावते. गियर लांबल्यामुळे चढावर इंजिनाची ओढ सुमारे सात टक्क्यांनी घटते, आणि ब्रेकच्या पकडीतही जमिनीशी तेवढीच तूट येते. टायरचे वाढीव वजन वेगळेच, आणि त्याचा भार मागच्या दरवाजाच्या बिजागऱ्यांनाही सोसावा लागतो, कारण स्टेपनी तेथेच टांगलेली असते. म्हणूनच आठवड्यातले सहा दिवस डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी २६५/७५ आर १६, म्हणजे ८०४ मिलिमीटर व्यासाचे मधले माप मला अधिक विवेकाचे वाटते. अधिक रुंदी म्हणजे अधिक पकड, ही समजूतही सर्वत्र खरी नाही. महायुद्धातली विलीज जीप ६.००-१६ या अरुंद टायरांवर चालत असे, आणि वरचा रेंदा कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचण्यात अरुंद टायर आजही सरस ठरतो. नक्षीच्या बाबतीत, केवळ चिखलासाठी घडविलेला ठसठशीत नक्षीचा टायर ओल्या डांबरावर कमी धरतो आणि आवाजही फार करतो. दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर चालणारा ‘ऑल टेरेन’ टायर बहुतेकांना पुरतो. कडेवर छापलेला भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

टायर ठरला की तो बसतो किंवा नाही याची खातरजमा विकत घेण्यापूर्वीच करावी. चांगला दुकानदार एक टायर पुढच्या चाकाला लावून पाहण्याची मुभा देतो. टायरच्या खांद्यावर खडूने जाड पट्टा ओढावा, तेच चाक उतरंडीवर किंवा फळ्यांच्या थरावर चढवून सस्पेन्शन पुरते दबू द्यावे, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. जेथे खडू पुसला गेला तेथे टायर घासतो: बहुधा बंपरच्या मागच्या कोपऱ्याला, मडगार्डच्या आतील प्लास्टिकला, नाहीतर पूर्ण वळणावर आतल्या बाजूच्या दांड्याला. प्लास्टिकची कड छाटून काम भागत असेल तर लिफ्ट किटचे कारणच उरत नाही.

भागत नसेल तर स्प्रिंगवर केवळ चकती ठेवणाऱ्या स्वस्त स्पेसरपेक्षा जुळणाऱ्या लांबीचे शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र मिळणारा संच घ्यावा. स्पेसरने गाडी वर जाते, पण चाकाला खाली झेपावण्यास मिळणारी लांबी मूळ शॉक ॲब्सॉर्बरएवढीच राहते, आणि खड्ड्यात तो ताणाच्या टोकाला जाऊन आदळतो. संच बसविल्यावर अलाइनमेंट, ब्रेकच्या रबरी नळ्यांची लांबी आणि दिव्यांचा रोख हे तिन्ही पुन्हा तपासून घ्यावेत. उंचीची खरी जोखीम मात्र आडव्या उतारावर कळते. डाव्या-उजव्या चाकांतील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता येणारा आकडा गाडी उलटण्याविरुद्धचे तिचे बळ दर्शवितो. समजा ते अंतर १५०० आणि ती उंची ७०० मिलिमीटर असेल, तर आकडा १.०७ येतो, आणि गुरुत्वमध्य अवघा सत्तर मिलिमीटर वर गेला की तो ०.९७ वर उतरतो. घाटातल्या अचानक वळणावर कुटुंबासह बसलेल्या माणसाने हा फरक क्षुल्लक मानू नये.

राहता राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये, कारखानदाराने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीच्या दाखल्यातील मजकुराची तफावत पडेल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मनाई ठामपणे उचलून धरली. तेव्हा पैसे मोजण्याआधी योजिलेल्या बदलाचा तपशील प्रादेशिक परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचे उत्तर दप्तरी ठेवावे. तोंडी होकारावर विसंबू नये. उत्तर नकारार्थी आले तर मूळ मापातच ऑल टेरेन टायर घ्यावेत आणि चिखलात शिरण्यापूर्वी त्यांतील हवा अठरा-वीस पौंडांपर्यंत उतरवावी. ती कशी उतरवावी आणि डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी पुन्हा कशी भरावी, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.