बेड्यावरच्या बाईला आरोग्य कोण शिकवणार?

गाडगेबाबा गावात शिरायचे ते खराटा घेऊनच. दिवसभर रस्ते आणि गटारं झाडायची, रात्री कीर्तन करायचं. कीर्तनात सांगण्यापेक्षा विचारणंच जास्त, उत्तर समोरच्या माणसांनीच द्यायचं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेला हा माणूस कधी शाळेत गेला नव्हता. तरी घाण, दारू, कर्ज आणि आजार यांचा एकमेकांशी असलेला संबंध त्यानं निरक्षर वऱ्हाडाला समजावून दिला. प्रौढशिक्षणाची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

ही रीत फासेपारध्यांच्या बेड्यापर्यंत, म्हणजे वस्तीपर्यंत, मात्र पोचली नाही, असं मला वाटतं. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत हे बेडे बहुधा गावापासून वेगळे असतात. पाण्याची सोय आणि दवाखाना गावात, बेडा दूर. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का फासेपारध्यांवरही बसला. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला, संशय राहिला. तितर-लावऱ्या फासात धरण्याचा पिढीजात धंदा १९७२च्या वन्यजीव कायद्यानं बेकायदा ठरला. ज्यांना सरकार भेटलं ते पोलिसांच्या रूपात, त्यांनी सुई घेऊन आलेल्या सरकारी बाईवर पहिल्याच भेटीत भरवसा का ठेवावा?

पोरांसाठी काही उभं राहिलं आहे. मतीन भोसले या पारधी शिक्षकानं नोकरी सोडून नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला ‘प्रश्नचिन्ह’ शाळा काढली. पुढे समृद्धी महामार्गानं तिचा काही भाग गिळला. पण त्या पोरांच्या आया कुठे शिकणार? २०२२ पासूनचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्यांसाठी आहे. अक्षरओळखीबरोबर आरोग्य आणि बालसंगोपनही त्यात येतं. त्याच वर्षी भटक्या-विमुक्तांसाठी आलेल्या ‘सीड’ योजनेत आरोग्यविमा आहे. विमा आजारी पडल्यावर कामी येतो, तोही कागदपत्रं असतील तर. बाळंतपणाआधी काय खावं, जुलाब झालेल्या लेकराला काय पाजावं, हे विमा सांगत नाही.

हे कोणी सांगावं, याचं एक उत्तर युरोपात सापडतं. तिथल्या रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. वस्ती गावाबाहेर आणि माथी चोरीचा संशय, हे त्यांनीही भोगलं. रोमानियानं २००२ साली रोमा बायकांनाच आरोग्य-मध्यस्थ म्हणून सरकारी व्यवस्थेत घेतलं. दवाखान्याचं म्हणणं वस्तीला आणि वस्तीचं दवाखान्याला सांगणारी ही बाई वस्तीतलीच असते.

आपल्याकडे २००५ पासून ‘आशा’ ही आरोग्य कार्यकर्ती आहे. ती गावचीच असावी असा नियम आहे. पण गावची बाई म्हणजे बेड्यावरची नव्हे. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेनं कमी शिकलेल्या आदिवासी बायकांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घ्यायला लावलं. म्हणजे अडचण शिक्षणाची नाही. शिकलेली बाई मिळाली नाही तर आशाची शिक्षणाची अटही शिथिल करता येते. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा परिषदांनी ही सवलत बेड्यांसाठी वापरावी, पारधी बाईलाच नेमावं, तिला वेळेवर मानधन द्यावं आणि ‘उल्लास’चा वर्ग तिच्याच दारात भरवावा.